दप्तरातील रेने : ‘द टाऊन ऑफ लाइट’ आणि वेडाच्या कथनाचा प्रश्न

‘वेड्याचं घर उन्हात’ ही म्हण वापरणारा माणूस वेड्याच्या गैरसोयीला हसत असतो. घर बांधताना सावलीचा विचार ज्याला सुचला नाही त्याची ती टवाळी आहे. परंतु टवाळी बाजूला ठेवून म्हणीच्या व्याकरणाकडे पाहिले तर एक निराळीच गोष्ट लक्षात येते. येथे वेडा एकवचनी आहे, त्याला षष्ठीचा प्रत्यय लागलेला आहे, आणि त्याच्या मालकीचे एक घर आहे. ते गावातच आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते आहे. त्याला सावली नाही इतकेच. ‘वेड्यांचे इस्पितळ’ या शब्दप्रयोगात वेडा अनेकवचनी होतो, आणि षष्ठीचा प्रत्यय राहूनही मालकी मात्र नाहीशी होते. इस्पितळ वेड्यांचे असते ते ज्या अर्थाने कोंडवाडा गुरांचा असतो त्या अर्थाने.

हीच म्हण वसंत कानेटकर यांनी आपल्या पहिल्या नाटकाला शीर्षक म्हणून घेतली (१९५७). कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे कानेटकरांचे जन्मगाव. पुढे ऐतिहासिक आणि कौटुंबिक नाटकांसाठी गाजलेल्या या नाटककाराचा आरंभ दादासाहेब या घरच्या कर्त्या पुरुषाच्या मनोविकृतीपासून व्हावा, हा केवळ योगायोग मानता येत नाही. मराठी नाटकाने आणि कथात्म साहित्याने वेडाला जागा दिली ती प्रायः घरातच. तो दिवाणखान्यात येरझारा घालतो, माडीवर कोंडला जातो, जेवणाच्या पंक्तीतून उठून जातो; त्याच्या भोवतीची माणसे त्याला सांभाळतात, त्याच्यापायी होरपळतात, क्वचित त्याच्या आड आपले स्वार्थ लपवतात. वेड्यांचे इस्पितळ मात्र रंगमंचाबाहेर राहते. त्याचे अस्तित्व धमकीपुरते: ‘येरवड्याला धाडा’, ‘ठाण्याला पोचवा’. या दोन्ही गावांत कारागृहही आहे आणि मनोरुग्णालयही, आणि बोलणाऱ्याला आपण कशाविषयी बोलतो आहोत हे स्पष्ट करण्याची गरज बहुधा वाटत नाही. नागपूरचे इस्पितळ १८६४चे, रत्नागिरीचे १८८६चे, ठाण्याचे १९०१चे, येरवड्याचे १९१५चे. सव्वाशे-दीडशे वर्षे उभ्या असलेल्या या भिंतींच्या आतून मराठीत कथन असे फारच थोडे बाहेर आले.

म्हणूनच, जिचा समग्र अवकाश एका वेड्यांच्या इस्पितळाचा आहे अशी एखादी कृती मराठी अभ्यासकासमोर येते तेव्हा तिच्याकडे पाहण्याची साधने कोणती, हा प्रश्न आधी उभा राहतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेली ‘द टाऊन ऑफ लाइट’ (२०१६) ही कृती ना कादंबरी आहे ना नाटक. तो एक व्हिडिओ गेम आहे, आणि खेळ म्हटल्यावर अपेक्षित असलेले जिंकणे-हरणे त्यात नाही. फ्लॉरेन्समधील एलकेए या छोट्या संस्थेने, लुका दाल्को यांच्या दिग्दर्शनाखाली, तो तयार केला. खेळाडू एका ओस पडलेल्या इमारतीतून चालतो, दारे उघडतो, खणांतले कागद वाचतो, आणि एका मुलीचा आवाज ऐकतो. तीन-चार तासांत सारे संपते. करमणुकीच्या बाजारात अशा कृतींची ‘हा कसला खेळ’ म्हणून हेटाळणी झालेली आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्या हेटाळणीत सामील होण्याचे कारण नाही. काही न घडणाऱ्या कादंबऱ्यांची त्याला सवय असते.

इमारत खरी आहे. इटलीच्या तुस्कानी प्रांतातील व्होल्तेर्रा या डोंगरावरील गावात १८८८ साली वेड्यांचे आश्रयस्थान सुरू झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत लुइजी स्काबिया या संचालकाच्या कारकिर्दीत ते एखाद्या स्वयंपूर्ण वसाहतीसारखे वाढले, आणि पुढे त्यातील रुग्णांची संख्या चार हजारांच्या वर गेली. तिथल्या शार्को नावाच्या कक्षाची आजची पडझड झालेली वास्तू खेळात जशीच्या तशी उभी केलेली आहे. रेने ही सोळा वर्षांची मुलगी मात्र कल्पित आहे. १९३८च्या मार्चमध्ये तिला येथे आणले जाते. १९०४च्या इटालियन कायद्याप्रमाणे जो स्वतःला वा इतरांना धोकादायक आहे, अथवा ज्याच्यामुळे सार्वजनिक लाजिरवाणा प्रकार घडतो, त्याला कोंडता येत असे. आपल्याकडे १८५८च्या आणि पुढे १९१२च्या ‘लुनसी’ कायद्यांत पोलिसाला अधिकार दिलेला होता तो धोकादायक वेड्याला आणि मोकाट भटकणाऱ्या वेड्याला धरण्याचा. १९८७चा मानसिक आरोग्य कायदा १९९३मध्ये अमलात येईपर्यंत ही व्यवस्था टिकली. दोन्ही कायद्यांत वेडाची व्याख्या वेड्याच्या मनावरून होत नाही, तर तो कुठे आहे आणि कोणाच्या डोळ्यांत खुपतो आहे यावरून होते. एका ठिकाणी लाज, दुसऱ्या ठिकाणी भटकंती. वेडा म्हणजे जागा चुकलेला माणूस, असा या कायद्यांचा गर्भितार्थ आहे.

खेळाच्या निवेदनव्यूहाचे मर्म याच ‘जागे’त आहे. येथे कालक्रम नाही, स्थलक्रम आहे. खेळाडू एखाद्या खोलीत शिरतो आणि त्या खोलीची आठवण उघडते. न्हाणीघरात न्हाणीघराची, खाटांच्या ओळींत रात्रीची, पत्रे ठेवलेल्या खणापाशी पत्रांची. खोली चुकली तर आठवण चुकते. कथा काळात उलगडत नाही, ती भूमीवर ठिकठिकाणी पुरून ठेवलेली आहे आणि पावलांनी ती उकरायची आहे. पाश्चात्त्य समीक्षेने या रचनेला नव्या माध्यमाचा विशेष मानले. मराठी गद्याच्या अभ्यासकाला ती इतकी नवी वाटू नये. महानुभावांनी चक्रधरांच्या लीळा संकलित केल्या आणि त्याबरोबरच त्या लीळा जिथे घडल्या त्या स्थानांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ही सिद्ध केली. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेच्या पटिशाळेत काय घडले याची ती वही. तिचा वाचक केवळ वाचीत नाही. तो त्या जागी जातो, तिथे ओणवतो, आणि स्थळ त्याला लीळा परत देते. स्मृती ही जागेत असते, माणूस फक्त तिथवर पोचायचा असतो, ही धारणा दोन्ही ठिकाणी सारखी आहे. फरक असा की स्थानपोथीचा वाचक ज्याचे स्मरण करतो त्याच्याविषयी त्याला शंका नसते. व्होल्तेर्राच्या ओस खोल्यांतून हिंडणाऱ्याला आपण नेमके कोणाच्या आठवणीत उभे आहोत याची खात्री कधीच पटत नाही.

कारण येथला ‘मी’ एक नाही. आवाज रेनेचा आहे. तो कधी रेने म्हणून बोलतो, कधी रेनेविषयी बोलतो. जिथून दिसते आहे तो डोळा वर्तमानकाळातला आहे. भिंतींचे पोपडे उडालेले, छतातून झाडोरा आत आलेला, आणि तरी तो डोळा ‘माझी खाट’ म्हणून एका गंजलेल्या खाटेकडे वळतो. आरंभीच्या भागात खेळाडूला शार्लट नावाची बाहुली चाकांच्या खुर्चीत बसवून ओसरीतून ढकलत न्यावी लागते. हा प्रसंग हळवा म्हणून वाखाणला गेला. त्याची धार मात्र दुसरीकडे आहे. आपण एका रुग्ण मुलीच्या देहात शिरलो आहोत असे समजणाऱ्या खेळाडूच्या हातांना जे काम मिळते ते परिचारिकेचे आहे. खुर्चीत बसणे त्याच्या वाट्याला येत नाही, खुर्ची ढकलणे येते.

याहून महत्त्वाचे काम वाचनाचे आहे. रेनेचा वैद्यकीय कागद हाती लागतो: दाखल्याची तारीख, लक्षणे, उपचार, शेरे. तो वाचून झाला की तिचा आवाज प्रश्न करतो, आणि पडद्यावर उत्तरांचे पर्याय उमटतात. हे खरे असेल का? ती खरेच आजारी होती, की तसे लिहून ठेवले? खेळाडू जे उत्तर निवडेल त्याप्रमाणे पुढची काही प्रकरणे बदलतात, अमारा या दुसऱ्या रुग्ण मुलीशी जडलेल्या तिच्या नात्याचा अर्थही बदलत जातो. म्हणजे खेळाडूला दिलेले एकमेव शस्त्र आहे निदान. डॉक्टरांच्या शेऱ्यावर विश्वास ठेवणे हे जसे निदान, तसेच तो खोटा ठरवणे हेही निदानच. सहानुभूतीने दिलेला निर्णय हाही निर्णय असतो, आणि तो रेनेच्या वतीने दुसऱ्याच कोणी घेतलेला असतो, ही अस्वस्थ करणारी जाणीव येथे कोणत्याही भाष्यावाचून, केवळ रचनेतून निर्माण होते. या कृतीचे जे काही मोल आहे ते या ठिकाणी आहे.

फूको यांनी १९६१ साली वेडाचा इतिहास लिहिताना वेडाच्या मौनाचे उत्खनन करू पाहिले. देरिदा यांनी १९६३च्या व्याख्यानात आक्षेप घेतला तो असा की हे उत्खनन ज्या भाषेत होणार ती भाषाच बुद्धीची, म्हणजे कोंडणाऱ्याची आहे. हा वाद मराठी समीक्षेत बहुधा तत्त्वचर्चेच्या पातळीवर आला. प्रत्यक्ष दप्तर उघडले तर त्याला एक अगदी साधा, कारकुनी चेहरा लाभतो. मुंबई इलाख्यातील वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल इंग्रजीत निघत, आणि त्यांतील तक्त्यांत वेडाच्या कारणांसाठी स्वतंत्र सदर असे. १८९३-९४च्या भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाने गांजामुळे वेड लागल्याच्या देशभरातील नोंदींची छाननी केली तेव्हा असे आढळले की हे सदर पुष्कळदा वैद्याने भरलेलेच नव्हते. रुग्णाबरोबर पोलिसांकडून आलेल्या वर्णनपत्रातला शब्द इस्पितळाच्या वहीत उतरवून घेतलेला होता. गावच्या चावडीवर कोणीतरी मराठीत काही म्हणाले, ते फौजदाराने आपल्या शब्दांत लिहिले, साहेबाच्या वहीत ते इंग्रजीत गेले, आणि तक्त्यात एक आकडा झाले. स्वतः वेडा काय म्हणाला होता याला या सबंध प्रवासात सदरच नाही. रेनेला निदान तिच्याच भाषेत लिहिलेला कागद मिळतो.

व्होल्तेर्राच्या दप्तरातही एक जागा रुग्णांच्या शब्दांची होती, आणि ती कोणी मुद्दाम राखलेली नव्हती. रुग्णांनी घरी लिहिलेली पत्रे टपालात पडत नसत. ती त्यांच्या कागदांच्या पुडक्यात अडकवून ठेवली जात. त्यांतील निवडक पत्रे १९७८ साली ‘कोरिस्पोंदेन्त्सा नेगाता’, म्हणजे नाकारलेला पत्रव्यवहार, या नावाने ग्रंथरूपात आली. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रांको बासाल्या यांच्या चळवळीतून आलेल्या १८० क्रमांकाच्या कायद्याने इटलीतील वेड्यांची इस्पितळे बंद करण्याचा मार्ग मोकळा केला. ज्याला पाठवले त्याने कधीच न वाचलेले आणि ज्याने वाचायला नको होते त्याने जपून ठेवलेले लेखन, असा हा एक विलक्षण वाङ्मयप्रकार आहे. खेळातील रेनेची पत्रे आणि टिपणे याच परंपरेवर उभी आहेत. ती वाचताना खेळाडू नकळत त्या अधिकाऱ्याच्या जागी उभा राहतो. पत्र त्याच्या नावाचे नाही, तरी ते फोडून वाचण्याशिवाय कथा पुढे सरकत नाही.

मात्र ज्या संयमावर ही रचना उभी आहे तो खेळाला अखेरपर्यंत झेपलेला नाही. ओस खोल्यांच्या अधूनमधून हाताने रेखाटलेली चित्रमालिका येते. नग्न करून उभ्या केलेल्या मुली, पुरुष परिचारकाने केलेला अत्याचार, बांधलेले हात. हे घडले नसेल असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न औचित्याचा आहे. कागद वाचताना खेळाडूला जे ठरवावे लागत होते ते येथे चित्रकाराने ठरवून टाकलेले असते. साशंक वाचक एकाएकी साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराला फक्त हळहळता येते. दुसरा दोष याहून सूक्ष्म, आणि म्हणून अधिक गंभीर आहे. रेने फार सुबोध आहे. तिच्या भयाला, तिच्या अपराधभावाला, तिच्या भ्रमाला आधीच्या कुठल्या ना कुठल्या जखमेचा धागा जोडून दिलेला आहे. तिचे वेड हे तिच्या दुःखाचे भाषांतर आहे, आणि भाषांतर इतके नितळ की मूळ भाषा ऐकूच येत नाही. जिच्याविषयी कणव वाटावी म्हणून जिला पूर्णपणे समजण्याजोगी केले आहे, तिला आपण वेडी म्हणून स्वीकारले असे म्हणता येईल काय? की तिच्या वेडेपणाचा निकाल लावूनच तिला माणसांत घेतले?

तुलनेसाठी फार दूर जावे लागत नाही. याच व्होल्तेर्रात, फेर्री या न्यायविभागाच्या कक्षात, फेर्नांदो ओरेस्ते नान्नेत्ती नावाचा रुग्ण होता. १९५८ साली तो येथे आला. आवारात फिरायला सोडले की बंडीच्या बकलाच्या टोकाने तो भिंतीचा गिलावा कोरीत असे. वर्षानुवर्षे कोरलेली ही भिंत लांबीने सुमारे १८० मीटर भरली. त्याने आपल्या यातनांची कहाणी लिहिली असेल अशा अपेक्षेने पाहणाऱ्याची ती भिंत निराशा करते. तिच्यावर अग्निबाण आहेत, ग्रहताऱ्यांचे दळणवळण आहे, धातू आणि शस्त्रे आहेत. लिहिणारा स्वतःला नक्षत्रलोकीचा कर्नल म्हणवतो. करुणेला पकडायला तिथे कुठे कडाच सापडत नाही. रेनेचे लेखन वाचकाकडे तोंड करून उभे आहे, नान्नेत्तीचे वाचकाकडे पाठ करून. खेळाच्या कर्त्यांनी पहिल्या प्रकारची निवड केली हे माध्यमाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे, पण ती निवड होती आणि तिची किंमत मोजावी लागली, याची नोंद झाली पाहिजे.

वेड्याच्या बाजूने बोलणाऱ्याची ही अडचण मराठी वाचकाला सर्वस्वी परकी नसावी. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेड लागले आहे असे ठरवून त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले, आणि कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करीत असल्याचा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केला. ज्या पत्रांच्या आधारे हा आरोप झाला ती बनावट ठरली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले, आणि ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ही त्याच सुमारास सिद्ध केले (१८८३). एका राजाच्या वेडाविषयी लिहिल्याबद्दल कैदेत पडलेला संपादक एका राजपुत्राच्या वेडाचे नाटक मराठीत आणतो, हा प्रसंग वाङ्मयेतिहासात सहसा आगरकरांच्या धीरोदात्ततेचे उदाहरण म्हणून येतो. त्यात ज्याची आठवण राहत नाही तो स्वतः राजा. सरकारने त्याच्याविषयी लिहिले, कारभाऱ्याने लिहिले, देशभक्तांनी त्याच्या कैवाराने लिहिले, आणि कैवारासाठी जो कागद हाती आला तो खोटा निघाला. विशीतला हा राजा २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावला. वेडा होता की नव्हता, या प्रश्नाचे प्रत्येकाने आपापले उत्तर निवडले होते. पुढची प्रकरणे त्याप्रमाणे थोडीफार बदलली असतील. शेवट बदलला नाही.

खेळाचाही बदलत नाही. वाट कोणतीही घेतली, रेनेवर विश्वास ठेवला वा डॉक्टरांवर, शेवटी ती मेंदूवरील शस्त्रक्रियेच्या मेजावरच पोचते. लिस्बनमध्ये एगास मोनीझ यांनी १९३५ साली सुरू केलेल्या आणि १९४९ साली नोबेल पारितोषिकाने गौरवल्या गेलेल्या उपचाराचा हा अवतार. येथे पर्याय उमटत नाहीत. इतका वेळ उत्तरे देण्याची सवय लागलेल्या खेळाडूचे हात रिकामे राहतात, आणि पहिल्यांदाच तो रेनेच्या जागी असतो: ज्याला विचारलेच जात नाही त्याच्या जागी. चित्रमालिकांनी जे साधले नाही ते या रिकाम्या हातांनी साधते.

नरसिंह चिंतामण केळकरांनी १९२१च्या बडोद्याच्या अध्यक्षीय भाषणात वाङ्मयानंदाचे वर्णन सविकल्प समाधी असे केले. आपले आपणपण न सोडता दुसऱ्याच्या अवस्थेत शिरण्याचे ते सुख. ही उपपत्ती पुढे पुष्कळ घासली-तासली गेली, आणि आज ती थोडी जुनाट वाटते. तथापि एक गोष्ट तिने गृहीत धरली होती ती येथे कसोटीला लागते: परकायाप्रवेश हा नेहमी प्रवेश करणाराच्या इच्छेने आणि त्याच्या आनंदासाठी होतो. ज्याच्या कायेत शिरायचे त्याच्या संमतीचा प्रश्न केळकरांना पडला नाही, कारण नाटकातल्या राजाला कोण विचारतो? वेड्यांच्या इस्पितळात मात्र हाच प्रश्न पहिला असतो. सारेच जण कोणाच्या ना कोणाच्या आत शिरू पाहत असतात, पोलीस, वैद्य, कायदा, आणि शेवटी सहृदय खेळाडू.

परकायाप्रवेशाचे याच्या उलट दिशेचे रूप कोरेगावच्या उत्तरेला लागून असलेल्या फलटणात पाहायला मिळते. तिथल्या महानुभाव मंदिरात मनोरुग्णांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने केला व तो १९८७मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला तिथे एकटे सोडून जात नाहीत. घरचे माणूस, बहुधा आई वा बायको, बरोबर राहते. आणि अंगात येते ते पुष्कळदा रुग्णाच्या नव्हे, त्या बाईच्या. आपल्या माणसाची पीडा ती स्वतःवर ओढून घेते. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे सोपे आहे आणि ते टाळले पाहिजे. पुरुषाच्या आजाराचे ओझे बाईच्या देहावर टाकण्याची ती एक रीत आहे, हे स्कल्टन्स यांच्या विवेचनातच दिसते. येथे ध्यानात घ्यायचे ते इतकेच की ही बाई रुग्णाला समजून घेतल्याचा दावा करीत नाही. त्याला काय झाले आहे याचे निदान ती देत नाही. तो तिच्या आत येतो. ती त्याच्या आत जात नाही.

महानुभावांचे नाव निघालेच आहे तर आणखी एका ग्रंथाचा उल्लेख टाळता येत नाही. मराठी गद्याच्या अगदी आरंभकाळात रचलेले गोविंदप्रभूंचे चरित्र हे एका अर्थाने वेडाचेच दप्तर आहे. ऋद्धिपूरचे लोक या राऊळाला वेडे म्हणतात. तो मनात येईल तिथे जातो, मनात येईल ते खातो, कधी हसतो, कधी रागावतो. लोक त्याच्यावर खेकसतात आणि त्याच्यावाचून त्यांना चैनही पडत नाही. चरित्रकार एकेक लीळा सांगून थांबतो. का, हे लिहिण्याचे सदर त्याच्या वहीत नाही. भक्ताच्या दृष्टीने कारणाची गरज नव्हती, कारण तो ईश्वर होता. ही सवलत व्होल्तेर्राच्या वा येरवड्याच्या रुग्णाला कोणी देणार नाही. तरीही कारण न विचारता कृती नोंदवणारे असे गद्य मराठीला एकदा साधले होते, ही गोष्ट इस्पितळाच्या आतून लिहू पाहणाऱ्या उद्याच्या लेखकाला उपयोगी पडण्याजोगी आहे. ‘द टाऊन ऑफ लाइट’ तिथवर पोचत नाही. ज्या क्षणी खेळाडू नुसता चालत असतो, काही उघडत नाही, काही ठरवीत नाही, पोपडे धरलेल्या भिंतीवरून ऊन सरकताना पाहत उभा असतो, त्या क्षणांपुरता तो खेळ तिच्या आसपास असतो.

फेर्री कक्षाच्या त्या कोरीव भिंतीविषयी एक तपशील सांगितला जातो. भिंतीला लागून बाके होती आणि काही रुग्ण त्यांवर तासन्‌तास निश्चल बसून असत. बोलत नसत, हलत नसत. नान्नेत्ती कोरीत कोरीत त्यांच्यापर्यंत आला की त्यांना उठवीत नसे. त्यांच्या डोक्यांच्या आणि खांद्यांच्या कडेकडेने तो आपली ओळ वळवून नेई. ती माणसे उठून गेल्यावरही भिंतीवर अक्षरांच्या मधोमध त्यांच्या आकाराच्या कोऱ्या जागा राहिल्या.